पंखेवाल्याचा कोट

गावात त्याला सगळे पंखेवाला म्हणत. पंखे विकायचा म्हणून नव्हे. त्याचा धंदा घरातल्या फटी शोधण्याचा. घराचं पुढचं दार उघडून चौकटीत जाड कापडाचा पडदा ताणून बसवायचा, पडद्याच्या भोकात भला मोठा पंखा लावायचा आणि घरातली हवा बाहेर फेकायची. मग बाहेरची हवा जिथून वाट मिळेल तिथून आत घुसते. धुराची कांडी घेऊन घरभर हिंडलं की झालं. धूर जिथे हलला तिथे चोर सापडला. खिडकीची चौकट, बटणांची पेटी, माळ्याचं झाकण, मोरीतल्या नळाभोवतीची भोकं. लोक सांगायचे, 'आमचं घर भक्कम आहे हो,' आणि धूर त्यांच्या डोळ्यांदेखत आडवा व्हायचा.

चोर सापडले की पंखेवाल्याची माणसं फटी बुजवायची, भिंतींना बाहेरून भोकं पाडून कागदाचा भुसा नळीने आत ठासायची, माळ्यावर जाड थर पसरायची. हिवाळा कडक असलेल्या गावात हे काम म्हणजे औषधासारखं. घर तेच, शेगडीही तीच, पण निम्म्या जळणात ऊब.

माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या घालणार आहात. कामात चोख आणि बोलण्यात तर असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, याने तर कागदाचा भुसा विकला. नव्या कामगाराला तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. 'नवं घर बघायला गेलास की आधी कोट काढायचा. यंत्र नंतर. नुसत्या सदऱ्यावर घरवाल्यांबरोबर बस, चहा पी, आणि थंडी कुठून येते ते अंगाला विचार. कोट घालून बसणाऱ्याला घर काही सांगत नाही.' हा नियम त्याने स्वतः काढला होता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

आता एका सरकारी योजनेचं सांगतो. ज्यांना हे काम परवडत नाही त्यांच्या घरांचा खर्च सरकार देई. लोक तिला ऊब योजना म्हणत. ठेकेदाराने घर हुडकायचं, काम करायचं, पैसे सरकारने चुकते करायचे. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही योजना गुंडाळावी. विधिमंडळाची समिती बसली, सुनावणी ठरली, आणि ठेकेदारांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांना गरिबांचा एकदम कळवळा आला असं मी म्हणणार नाही. योजना गेली असती तर निम्म्या गाड्या दारात उभ्या राहिल्या असत्या. पण कळवळा अगदीच खोटाही नव्हता. थंड घरांत वर्षानुवर्षं हात घालणाऱ्याला थोडंफार काही वाटतंच.

ठेकेदारांच्या संघाचे अध्यक्ष म्हणजे काचवाले, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवणारे, वयाने मोठे. त्यांच्या गोदामात बैठक झाली. बोलायला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

'तूच जा बाबा,' काचवाले म्हणाले. 'आम्ही बोललो तर ते झोपतील.'

माळ अशी पंखेवाल्याच्या गळ्यात पडली. आणि खरं सांगायचं तर त्याने मान पुढे केलीच होती.

सुनावणीच्या दिवशी त्याने आपला सगळ्यात चांगला कोट घातला. राखाडी, जाड लोकरीचा, मोठ्या बटणांचा. हा कोट मुळात त्याच्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. दाजी गेल्यावर ताई एकटीच राहत होती. मागच्या वर्षी पंखेवाल्याने तिचं घर केलं, भिंती भरल्या, फटी बुजवल्या, आणि काम संपलं त्या दिवशी तिने कपाटातून हा कोट काढून त्याच्या हातात ठेवला. 'पैसे देऊ केले तर तू रागावशील,' ती म्हणाली होती. 'हे घे. यांचा आहे. आता घरात मला शालही लागत नाही, तुझ्यामुळे.'

तुझ्यामुळे. इथेच मेख होती. ताईला वाटत होतं, भावाने पदरचं घालून आपलं घर केलं. गल्लीत ती दारोदार सांगत होती, भाऊ असावा तर असा. खर्च केला होता ऊब योजनेने. सरकारकडे ताईची नोंद गरजू म्हणून झाली होती आणि पंखेवाल्याला इतर कुठल्याही घराइतकाच पुरता मोबदला मिळाला होता. 'सही कसली रे ही?' तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, 'कामगारांच्या विम्याची.' ताई मानी. सरकारचं म्हटलं असतं तर दारातून परत पाठवलं असतं. म्हणून लपवलं, असं तो स्वतःला सांगे. पण कोट हातात घेताना त्याचा चेहरा उतरला होता, हेही खरं. मग कोट अंगात घातला, तो मापाला बसला, आणि लाज राहिली बाजूला.

सुनावणीच्या दालनात त्याच्या आधी एक गृहस्थ आकडे वाचत होते. समितीतले निम्मे लोक मोबाइलमध्ये. एक जण उघड उघड जांभई देत होता. पंखेवाल्याने लिहून आणलेला कागद घडी करून खिशात टाकला आणि कोटाच्या नियमापासून सुरुवात केली. एकेक डोकं वर आलं. मग त्याने एका बाईची गोष्ट सांगायला घेतली. एकटी बाई. खोल्या बंद करून स्वयंपाकघरात खुर्चीवर झोपणारी. सकाळी उठून भांड्यातल्या पाण्यावरचा बर्फ फोडणारी. गोष्ट रंगली. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'ही बाई खरोखर आहे, की तुम्ही ठेकेदारांनी मिळून रचलेली?'

दालनात हशा पिकला. काचवाल्यांचा चेहरा पडला. आणि पंखेवाल्याने उचलली जीभ लावली टाळ्याला.

'माझी सख्खी थोरली बहीण आहे,' तो म्हणाला.

हशा थांबला. अशी शांतता बोलणाऱ्या माणसाला चढते. त्याला ती चढली. मग तो थांबेना. तिने नवऱ्याच्या कपाटाच्या फळ्या शेगडीत घातल्या, हे त्याने सांगितलं. हे ताईने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. कपाटाला फळ्या नाहीत हे पाहून त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, 'ओल आली होती, टाकून दिल्या.' त्याने हो म्हटलं होतं. पण काम करताना तिच्या शेगडीचा धूर नीट वर जातो का ते बघायला तो वाकला, आणि राखेत त्याला कपाटाचे पितळी खिळे दिसले. तेही त्याने सांगितलं. खिळ्यांसकट. आणि शेवटी हात पसरून म्हणाला, 'याच योजनेतून मी तिचं घर केलं. आज ती उबेत झोपते.'

टाळ्या पडल्या. जांभई देणाऱ्यानेही वाजवल्या. काचवाल्यांनी त्याला मिठीच मारली. जिन्यावरून उतरताना टीव्हीवाल्यांनी गाठलं, तेव्हा कुठे त्याला ताई आठवली. ताई संध्याकाळच्या बातम्या चुकवत नसे.

घरी बायकोने बातम्या उभ्यानेच बघितल्या. बघून झाल्यावर टीव्ही बंद केला.

'ताईंना विचारलं होतंत?'

'विचारायला वेळ कुठे होता? बोलण्याच्या ओघात—'

'ओघात,' बायको म्हणाली. 'त्या बाईने शेजारणीलासुद्धा कधी कळू दिलं नाही. तुम्ही खिळे मोजून दाखवलेत.'

ताईचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एरवी त्याच्या खोकल्याची बातमी तिला त्याच्याआधी लागायची. त्याने फोन उचलला आणि ठेवला, असं किती वेळा केलं देव जाणे. काय म्हणणार होता? चुकलो म्हणायचं तर नेमकं कुठे चुकलो, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला गेलं की एकाखाली एक निघत जायचं. चारचौघांत सांगितलं, ते चुकलं. त्याच्याखाली, तिच्याशी खोटं बोललो. त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि तिथवर तो हात घालत नव्हता. वाण्याच्या दुकानात ओळखीच्या बाईने, 'तुमच्या ताईंचं ऐकून फार वाईट वाटलं हो,' म्हटलं, तेव्हा तो साबण न घेताच बाहेर पडला. ताईच्या गल्लीवरून जायचं टाळण्यासाठी त्याची गाडी नदीकडून लांबचा वळसा घेऊ लागली. दुनियेच्या फटी दाखवणारा माणूस, आता त्यालाच तोंड लपवायला फट सापडेना.

मग काचवाल्यांचा फोन आला. आनंदाने त्यांचा आवाज फाटत होता. 'अरे, समिती निम्मी इकडे, निम्मी तिकडे. सगळं अध्यक्षबाईंवर येऊन ठेपलंय. आणि बाई म्हणतात, ते घर मला दाखवा. त्या बहिणीला भेटायचंय.'

'दुसरं घर दाखवू,' पंखेवाला म्हणाला.

'दुसरं? त्या काय खुळ्या आहेत? दुसरं दाखवलं तर म्हणतील, रचलेलीच होती. योजना तर जाईलच, आणि आपण सगळे खोटारडे ठरू.' मग जरा खालच्या आवाजात, 'बहीण आहे ना तुझी? मग अडचण काय?'

अडचण काय ते सांगता येईना, म्हणून तो गेला.

ताईने दार उघडलं. रागावलेली दिसली असती तर बरं झालं असतं. नेहमीसारखीच होती, फक्त 'ये रे धाकट्या' म्हणाली नाही. दारातून बाजूला झाली. स्वयंपाकघरात दुधाचं भांडं चुलीवर होतं. तो कोट सावरत खुर्चीच्या कडेवर बसला.

'ताई, त्या दिवशी मी—'

'थांब, दूध उतू जाईल.'

दूध उतू जाण्याच्या जवळपासही नव्हतं. ती त्याच्याकडे पाठ करून दुधाकडे बघत उभी राहिली. शेवटी त्याने समितीचं सांगितलं. बाई येणार, घर बघणार, तुझ्याशी बोलणार. तू नको म्हटलंस तर नको. हे शेवटचं म्हणताना त्याचा आवाज खोल गेला, कारण ती नको म्हणाली तर काचवाल्यांना काय सांगायचं, हेच त्याच्या मनात होतं. अशा वेळीसुद्धा. त्याची त्यालाच शरम वाटली.

'येऊ देत,' ताई म्हणाली. 'पंखाही आण. नीट दाखव सगळं.'

'तू रागावली नाहीस ना?'

'चहा घेणारेस?' ती म्हणाली.

ठरलेल्या सकाळी अध्यक्षबाई आल्या, बरोबर समितीतले आणखी दोघं, एक टिपणं घेणारा तरुण आणि काचवाले, नवरीच्या बापासारखे लगबगीत. ताईने इस्त्रीची साडी नेसली होती, कप धुऊन मांडून ठेवले होते. पंखेवाल्याने दारात पडदा ताणला, पंखा सुरू केला. धंद्याची रीत अशी, की काम झालेल्या घरात धुराची कांडी घरवालीच्या हातात द्यायची. घर तिचं, पडताळा तिनेच घ्यायचा. त्याने कांडी ताईला दिली. ती एकेका खिडकीपाशी गेली, कपाटामागे गेली, मोरीत नळापाशी गेली. पंखा घुरघुरत होता आणि धूर सगळीकडे सरळ वर जात होता. काम अव्वल झालं होतं, त्यात वादच नाही. अध्यक्षबाईंनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पंखा बंद करायला सांगितला.

'तुमच्या भावाने सुनावणीत सांगितलं ते खरं आहे का?' त्यांनी विचारलं.

'खरं आहे,' ताई म्हणाली. 'फळ्या जाळल्या. त्याला माहीत नाही, एक खुर्चीही जाळली. पाण्यावर बर्फ यायचा. उलट कमीच सांगितलं त्याने.'

तिचा आवाज हलला नाही. पंखेवाला पडद्याची दोरी सोडत दाराकडे तोंड करून उभा होता.

'त्याने तुम्हाला तो नियम सांगितला ना,' ताई पुढे म्हणाली, 'कोट काढून बसायचा? मी टीव्हीवरच ऐकला पहिल्यांदा. हे गेल्यापासून हा माझ्याकडे येत होता. हिवाळे गेले असे. दर पंधरवड्याला यायचा हो, कधी चुकला नाही. याच खुर्चीवर बसायचा. चहा घ्यायचा. पण कोट काढायचा नाही. मी म्हणायची, अरे बस जरा मोकळा, तर म्हणायचा, ताई, घाईत आहे. मला वाटायचं, केवढं काम असतं बिचाऱ्याला.'

टिपणं घेणाऱ्याचं पेन थांबलं.

'नियम ऐकला तेव्हा समजलं. कोट काढला असता तर त्याला कळलं असतं. आणि कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.' ती अध्यक्षबाईंकडे वळली. 'तुमची योजना आली, मग त्याने पहिल्यांदा कोट काढला इथे. म्हणून सांगते, योजना बंद करू नका. सख्खा भाऊ याच धंद्यात असून मला थंडी वाजत होती. ज्यांना भाऊ नाही त्यांनी कुणाकडे बघायचं? या गल्लीत अजून आहेत तसे. नावं मी सांगणार नाही. ती त्यांची त्यांना सांगू देत.'

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. 'लिहून घेतलंत?' त्या तरुणाला म्हणाल्या, आणि ताईचे हात हातात घेऊन उठल्या. पुढच्या आठवड्यात मतदान झालं आणि योजना राहिली. काचवाले अजून सांगतात की पंखेवाल्याच्या भाषणाने राहिली. पंखेवाला तसं कधी म्हणत नाही.

पण त्या सकाळी मंडळी निरोप घेऊन दाराबाहेर गेली, तेव्हा घरात हे दोघंच उरले. पडदा गुंडाळून झाला होता. घर चांगलं उबदार होतं, आणि दाजींच्या कोटात पंखेवाल्याच्या पाठीवरून घामाची धार लागली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते त्याला तेव्हा समजलं. खालच्या थरात जे होतं, जिथे तो हात घालत नव्हता, ते ताईने सगळ्यांसमोर उचलून टेबलावर ठेवलं होतं.

'खरं आहे तुझं,' तो म्हणाला. 'थंडी कळत होती मला. दारात पाऊल टाकताच कळायची. वाटायचं, काढू केव्हातरी वेळ. मग हंगाम लागायचा. पैसे देणारी गिऱ्हाइकं असायची. योजना आली तेव्हा वाटलं, झालं, तुझंही होईल आणि माझंही—' आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचे शब्द संपले.

ताई त्याच्यासमोर आली. लहानपणी शाळेत जाताना लावायची तशी वरून पहिलं बटण धरलं, पण लावायला नव्हे. एकेक बटण काढलं. त्याने लहान मुलासारखे हात मागे केले. तिने कोट उतरवला, झटकला आणि दारामागच्या खुंटीवर टांगला. दाजी असताना तो तिथेच असायचा.

'हा मी भावाला दिला होता,' ती म्हणाली. 'घर करणाऱ्या ठेकेदाराचे पैसे त्याला मिळालेत.'

त्याने मान हलवली.

'येत जा मात्र,' ती म्हणाली आणि कप विसळायला वळली. 'पंधरवड्याला. चुकू नकोस.'

पंखा खांद्यावर घेऊन तो सदऱ्यावरच बाहेर आला. गल्लीत बोचरा वारा होता. अध्यक्षबाई गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

'तुमचा कोट आत राहिला वाटतं,' त्या म्हणाल्या.

'नाही,' पंखेवाला म्हणाला. 'तो माझा नव्हता.'